आधी बरे तर व्हा!

नवा फिजिओथेरपिस्ट ओळखायचा असेल तर त्याला फी विचारा. खांद्याच्या सांध्यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस एकदम छताकडे बघतो आणि म्हणतो, "बघू हो, आधी बरे तर व्हा!"

बोर्डीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या झाईत असाच एक वीर अवतरला. चार वर्षं शिक्षण, वर सहा महिने इंटर्नशिप. अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचा धडाही होता. तो ह्याने पाच मार्कांपुरता पाठ केला. गाळ्याचं डिपॉझिट वडिलांचं, मशीन बँकेचं, स्वतःची फक्त पदवी. पेशंटांना तोटा नव्हता. जाळी ओढून खांदे गेलेले खलाशी, पाट्या वाहून मान धरलेल्या मासळीवाल्या, चिकूच्या वाडीत दिवसभर वर बघणारे मजूर. तोटा होता तो गल्ल्यात.

त्याची वही मी पाहिली आहे. "गुडघा: सोमवारी 70 अंश, शनिवारी 95." ऑडिटरने मान डोलवावी अशी नोंद! शेजारचा 'रक्कम' रकाना मात्र कोरा; एका ओळीत तेवढं 'बोंबील' लिहिलेलं. बँक बोंबील घेत नाही, हे त्याला तिसऱ्या हप्त्याला कळलं.

त्यात पठ्ठ्या पहिल्याच सिटिंगला व्यायाम इतका नीट शिकवतो की पेशंट पुन्हा फिरकतच नाही. (ह्याला मी तरी नावं ठेवणार नाही.)

मग जून आला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. गावाकडे पैसा नाही, वेळ मात्र मुबलक, म्हणून दवाखाना तुडुंब. गर्दी बघून ह्याने दुसरं मशीन हप्त्यावर घेतलं!

शेवटी मान धरलेल्या एका मावशीनेच त्याला फैलावर घेतलं. "डॉक्टरा, पापलेटाचा भाव सांगताना मी कधी खाली बघितलंय? उधार द्यायचं तर दे, पण आधी आकडा सांग. आणि पावसाळ्याचं मार्चातच बाजूला काढ." त्याने चाचरत "दोनशे" म्हटलं. मावशीने दीडशे टेकवले आणि निघाली.

आता दारावर पाटी आहे: 'एका सिटिंगचे 200 रुपये. अडचण असेल तर आधी सांगा.' तुम्ही जाणार असाल तर सुटे न्या. आणि कृपा करून घासाघीस करू नका. तो लगेच ऐकतो.