दोन खात्यांचे अण्णा

बाणगंगेकाठच्या ओझरात, जेथे 1964 पासून विमानांचा कारखाना आणि त्याच्याही पुष्कळ आधीपासून खंडेरावाची यात्रा आहे, तेथे सार्वजनिक नीतिमत्तेची फौजदारी कोणी सोपवलेली नसताही अण्णांनी ती स्वखुशीने पत्करली आहे. कारखान्यातील नोकरीत सुट्या भागांमधील केसाएवढा दोष हुडकण्याची जी दृष्टी त्यांना जडली, तिला निवृत्तीनंतर अन्य विषय न उरल्यामुळे ती त्यांनी जिल्हा बँकेच्या संचालकांकडे वळविली. आणि वर्तमानपत्र हाती पडताच त्यांच्या ओट्यावरून जी ‘खाल्लं, सगळं खाल्लं!’ ही घोषणा उठते, तीत कोणी, कधी आणि किती हा तपशील दुपारच्या जेवणापर्यंत भरला जातो. सहकार कायद्याचे कलम 88 त्यांना मनाच्या श्लोकांसारखे मुखोद्गत आहे.

त्यांचा संताप खोटा नव्हे. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्याची आठवड्याच्या आतच मनाई झाली, आधीच थकबाकीने वाकलेल्या नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा गाडा रुतला, आणि फंडाच्या रकमेतून अण्णांनी ठेवलेली ठेव त्यात अडकली. स्वतःच्याच पैशासाठी अर्ज, विनंत्या आणि हेलपाटे ज्याच्या वाट्याला आले, त्याने ओट्यावर मौनव्रत धरावे असे कोण म्हणेल?

परंतु अण्णांची द्राक्षबाग थोरल्या चिरंजीवांच्या नावे आहे, आणि तिच्या सातबाऱ्यावर सोसायटीमार्फत उचललेल्या त्याच बँकेच्या पीककर्जाचा बोजा आहे. दर मार्चअखेर सचिवाच्या कृपेने ‘नवं-जुनं’ होऊन ते कर्ज कागदोपत्री फिटे आणि त्याच हाताने पुन्हा उभे राही. पुढे कर्जमाफीची कुणकुण लागताच अण्णांनी सांगितले, “आत्ता भरू नको, बाबा, यादी लागू दे.” 2019 च्या योजनेत 30 सप्टेंबरची थकबाकी दोन लाखांपर्यंत माफ झाली, तीत हे कर्ज बसले. नियमित फेड करणाऱ्या धाकट्या भावाला 50 हजारांचे प्रोत्साहनपर अनुदान मंजूर झाले, तेही बऱ्याच उशिरा. त्याला अण्णा ‘भोळा’ म्हणतात. नंतर उचललेले कर्ज आता पुढील माफीची प्रतीक्षा करीत आहे.

सचिव एकदा धीर करून म्हणाला, “अण्णा, तुमची ठेव वसुलीतूनच परत यायची, आणि वसुली म्हणजे तुमचे थोरले!” अण्णा शांतपणे उत्तरले, “ठेवीचा विषय वेगळा, शेतीचा वेगळा. आधी मोठे मासे धरा.”

अण्णांना ढोंगी म्हणणे मला साधत नाही. ढोंग्याला आपण काय लपवतो हे ठाऊक असावे लागते. अण्णांच्या ठायी नांदणाऱ्या ठेवीदाराची आणि थकबाकीदाराची अद्याप परस्परांशी ओळखच झालेली नाही. शिवाय निंदकाची बाकी थकली म्हणून अपहार करणाऱ्याचा अपहार एका पैनेही उणा होत नाही. आणि ज्याचे हात निखळ कोरडे आहेत त्यानेच बोलावे असा दंडक घातला, तर निफाड तालुक्यात संचालकांना फारच निर्वेध दिवस येतील.

2023 साली बँकेने थकबाकीदारांच्या जमिनींच्या लिलावाचा बडगा उगारला, तेव्हा ठेवीदारांचे ‘कठोर वसुली करा’ हे निवेदन आणि शेतकऱ्यांचे ‘वसुली त्वरित थांबवा’ हे निवेदन अशी दोन्ही अण्णांच्याच वळणदार अक्षरांत कचेरीत दाखल झाली. तेथील कारकुनाने ती एकाच फायलीत लावली, याचा मात्र अण्णांना मनस्वी खेद झाला.

“दोन स्वतंत्र विषयांची अशी सरमिसळ करायची,” ते मला म्हणाले, “हेच तर सगळ्या भ्रष्टाचाराचं मूळ!”