बिनधुराची हौस

इंग्रज माणूस हवापाण्यावर बोलतो, हे आपण मुंबईहून निघतानाच ऐकून आलेलो असतो. ऑक्टोबर लागला की तो हवापाणी सोडून लाकडावर बोलू लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांचं आणि माझं कुंपणावरून वर्षभरात जे काही बोलणं होतं, त्यातलं निम्मं बर्च चांगलं की ॲश या विषयावरचं असतं. ओक वाळायला दोन उन्हाळे लागतात, हे त्यांनी मला ज्या गांभीर्याने सांगितलं, त्या गांभीर्याने स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्याचंही सांगितलं नव्हतं.

लंडनच्या आमच्या उपनगरात घरोघरी गॅसचा बॉयलर आहे, खिडक्यांखाली रेडिएटर आहेत. शंभर वर्षांच्या जुन्या घरातली कोळशाची फायरप्लेस मधल्या काळात कोणीतरी फळी ठोकून बंद केलेली असते, आणि पुढचा मालक ती फळी उचकटून तिथे लाकडाची लोखंडी शेगडी बसवायच्या मागे लागतो. इथे तिला वुडबर्नर म्हणतात. मीही मागे लागलो. माझ्या मते ही शुद्ध हौस आहे, आणि तसं स्वतःशी कबूल करूनच दुकानात गेलेलं बरं. दुकानात हौसेचं नाव कोणी काढत नाही. तिथे बचत, पर्यावरण आणि 'समजा वीज गेली तर' अशी भाषा चालते. आमच्याकडे वीज शेवटची कधी गेली, ते कोणाच्याच लक्षात नाही.

या हौसेच्या आड इथे कायदा येतो, आणि तो उगाच आलेला नाही. ५ डिसेंबर १९५२ला लंडनवर धुकं उतरलं. थंडी कडाक्याची, म्हणून घरोघरी कोळसा पेटलेला. वारा पडलेला, आणि वर गरम हवेचा थर बसलेला, त्यामुळे धुराला वाटच नाही. ९ तारखेपर्यंत ते असंच राहिलं. सॅडलर्स वेल्स थिएटरात 'ला त्राव्हियाता'चा प्रयोग पहिल्या अंकानंतर आवरता घ्यावा लागला, कारण धुकं आत शिरून प्रेक्षकांना रंगमंच दिसेना. या संगीतिकेची नायिका क्षयाने मरते ती शेवटच्या अंकात. त्या रात्री तिथवर मजल गेलीच नाही, खोकला आधी प्रेक्षकांना लागला. त्या धुक्याने जे गेले, त्यांचा सरकारी आकडा चार हजारांच्या घरात होता. पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला.

मग रीतसर समिती नेमली गेली. अध्यक्ष सर ह्यू बीव्हर. हे गृहस्थ गिनेस या बिअरच्या कंपनीचे प्रमुख. शिकारीला गेले असताना युरोपातला सगळ्यांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता यावरून वाद झाला, उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना, आणि त्यातून विक्रमांच्या जगप्रसिद्ध पुस्तकाची कल्पना निघाली, तेच हे बीव्हर. पुस्तक १९५५ साली आलं आणि समितीच्या शिफारशींवरचा स्वच्छ हवेचा कायदा १९५६ साली. लांब नखांचे आणि सर्वांत मोठ्या पिझ्झाचे फोटो पाहताना आता मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. इतक्या निरुपयोगी आणि इतक्या उपयोगी अशा दोन्ही गोष्टी एका आयुष्यात कोण करतो?

त्या कायद्याने शहरात 'स्मोक कंट्रोल एरिया' आखले. लंडनचा बहुतेक भाग त्यात येतो. तिथे चिमणीतून धूर निघाला तर आजही तीनशे पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. लाकूड जाळायचंच असेल, तर सरकारच्या यादीत नाव असलेली शेगडी हवी. आता गंमत अशी, की दुकानातल्या प्रत्येक शेगडीवर 'इकोडिझाइन' अशी हिरवी चिठ्ठी असते. जानेवारी २०२२पासून नवी शेगडी विकायचीच तर ती अट पाळावी लागते. त्यात चिमणीतून जाणाऱ्या वायूच्या एका घनमीटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण सोडायचे नाहीत वगैरे नियम आहेत. पण ती चिठ्ठी म्हणजे धूरबंदीच्या भागात जाळायचा परवाना नव्हे. त्याची यादी वेगळी आणि चाचणीही वेगळी. हिरवी चिठ्ठी पाहून गिऱ्हाईक गहिवरतं आणि यादी बघायची राहून जाते. विक्रेताही गहिवर मोडत नाही.

दुसरा मोह किलोवॅटचा. विक्रेत्याने मला आधी ८ किलोवॅटची दाखवली. आपल्याकडे फ्रिज घेताना जशी 'पुढेमागे पाहुणे आले तर' म्हणून मोठाच घेतात, तशी ही. मी मापं लिहून नेली होती. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणायची आणि १४ने भागायचं, असा इथला ढोबळ हिशोब आहे. आमची खोली चार बाय चार, उंची अडीच. उत्तर तीनच्या आत येतं. आठाची शेगडी घेतली तर खोलीत माणसं शर्ट काढून बसतील, नाहीतर शेगडीचा गळा आवळून ती मंद ठेवावी लागेल. मंद ठेवली की ती धुमसणार, आणि धुमसली की धूर. शिवाय ५ किलोवॅटच्या वरच्या शेगडीसाठी भिंतीला हवेचं कायमचं भोक पाडावं लागतं. ऊब हवी म्हणून मोठी शेगडी आणायची आणि तिच्यासाठी भिंत फोडून बाहेरची थंडी आत घ्यायची, हे त्या विक्रेत्याला अजिबात विचित्र वाटत नव्हतं. शेवटी आम्ही सगळ्यांत लहान घेतली, आणि त्याचा चेहरा ट्रेनमध्ये चौथी सीट मागितल्यासारखा झाला.

त्याच सुमारास साताऱ्याकडची माझी मावशी तीन महिन्यांसाठी आली. तिचं अर्धं आयुष्य चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलेलं. शेगडी बसवायला आलेल्या माणसांनी चिमणीत वरून स्टीलची लवचिक नळी सोडली, खालून पत्रा मारला, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. मावशी खुर्ची टाकून सगळं बघत होती. खर्चाचा आकडा तिने रुपयांत करून मागितला, मी तो दिला, आणि ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्या पैशात पुन्हा चूलच? मग आम्ही ती सोडली कशाला रे?"

मग तिने शेगडीची तपासणी सुरू केली. पुढून वाकून पाहिलं, मागे हात घातला. "हिला वैल कुठंय?"

प्रश्न अस्सल होता. चुलीत उरलेली धग वाया जाऊ नये म्हणून बाजूला वैल, त्यावर भाताचं किंवा आमटीचं पातेलं. मी तिला शेगडीच्या मागच्या भिंतीतली बारीक भोकांची रांग दाखवली. खालून येणारी हवा लाकूड पेटवते. वरून काचेलगत उतरणारी हवा काच स्वच्छ ठेवते. आणि या भोकांतून तापून आलेली हवा जळायचा राहिलेला धूर गाठून त्याला पुन्हा पेट देते. धूर म्हणजे न जळलेलं जळणच. नीट तापलेल्या शेगडीत लाकडाच्या वरच्या अंगाला, काहीच नसलेल्या जागी ज्वाळा नाचताना दिसतात, ती त्या धुराचीच आग.

"म्हणजे वैल आतच आहे," मावशी म्हणाली, "आणि त्यावर धूर शिजतो."

इतकी नेमकी माहिती मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नव्हती.

पेटवण्यावरून मात्र आमचं वाजलं. इथली नवी पद्धत अशी, की जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर, आणि काडी लावायची ती शेंड्याला. आग वरून खाली उतरते, आणि खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. मावशीने कपाळाला हात लावला. "शेंडीला आग लावतोस होय? अरे, विस्तव खालून वर जातो, हे पोरालाही कळतं." मी पेटवली. ती फुंकणी मागत राहिली. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन तिने चिमणीकडे पाहिलं, परत आली आणि म्हणाली, "नाही येत धूर." एवढंच. पराभव मान्य करण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

रात्री झोपताना ती निखारे राखेत पुरायला निघाली. सकाळी फुंकर मारली की चूल तयार, हा तिचा जन्माचा शिरस्ता. इंग्रजांनाही ही सवय आहे. रात्री शेगडीची हवा बंद करून ती धुमसत ठेवायची आणि सकाळी पुन्हा चेतवायची. पण तसं केलं की रात्रभर धूर कोंडतो, चिमणीत डांबर बसतं, काच काळी होते. यादीतल्या शेगड्यांना म्हणूनच एक बारीक खुट्टी मारलेली असते. हवेची कळ पूर्ण बंद होतच नाही. सरकारने माणसाच्या सवयीवर विश्वास ठेवण्याऐवजी लोखंडावर ठेवला. मला हे पटतं. प्रयोगशाळेत चाचणी घेणारा माणूस पगारी असतो, त्याचं लाकूड मोजून वाळवलेलं असतं, त्याला झोप आलेली नसते. प्रमाणपत्र मिळतं ते त्याने पेटवलेल्या शेगडीला. ती घरी आणल्यावर पेटवणारे आपण.

राखेवरून आणखी एक पेच. शेगडीच्या पुस्तिकेत लिहिलंय की बोटभर राख आत राहू द्या, लाकूड राखेवर चांगलं जळतं. मावशीच्या लेखी राख न काढलेली चूल म्हणजे घराण्याची अब्रू गेली. रोज सकाळी मी उठायच्या आत शेगडी लख्ख आणि ओट्यावर राखेचा डबा. दोन पितळी तांबे आणि घरातली सगळी पातेली तिने त्या राखेने घासून काढली. ओल्या लाकडाबद्दल मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. इथे मे २०२१पासून थोडंथोडकं लाकूड विकायचं तर त्यात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, तसा शिक्का पोत्यावर लागतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते आधी उकळून जाईपर्यंत आग ते उकळण्यातच दमते, आणि तोवर चिमणीतून जे निघतं त्याला यादीतली शेगडीही काही करू शकत नाही. शेजारच्या गृहस्थांनी प्रेमाने आणून दिलेले दोन ओंडके मावशीने एकमेकांवर आपटले. "बद्द वाजतंय. हे ओलं लाकूड मागच्या पावसातलं. वाळलेलं टणटण बोलतं." मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला त्याचे दोन काटे टोचायचे असतात, वरून टोचलं तर ते फसवतं. आकडा तिशीच्या वर. शेजाऱ्यांना हे कसं सांगायचं, हा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही. ते लाकूड परसात रचून ठेवलंय आणि विचारलं की आम्ही त्याची तारीफ करतो.

गावाकडे एकदा सरकारी योजनेतली निर्धूर चूल आली होती, असं मावशी सांगते. तिलाही धुराडं होतं. पहिलं वर्ष बरं गेलं, मग धुराड्यात काजळी धरली, ती कोणी काढायची हे योजनेत लिहिलेलं नव्हतं, आणि चूल पुन्हा पूर्वीसारखी घर भरून धुरू लागली. म्हणून इथे चिमणी साफ करणारा माणूस काळ्या सळ्या आणि ब्रश घेऊन आला, तेव्हा तिने त्याला बसवून चहा आणि चिवडा दिला. काजळी किती निघाली ते तिने डबा उघडून बघितलं. थोडीच निघाली. त्याला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

एक गोष्ट मात्र शेगडी कितीही उत्तम असली तरी खरी राहते. गॅसच्या बॉयलरपेक्षा ही कितीतरी पटींनी जास्त कण हवेत सोडते, आणि लहान मुलं किंवा दम्याचं माणूस शेजारी असेल तर त्याचा हिशोब कुठल्याच यादीत नाही. म्हणून आम्ही ती रोज पेटवत नाही. शनिवारी, सणाला, आणि बाहेर हिम पडत असेल तेव्हा. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग एवढा खर्च कशाला?" त्यांच्या घरी सहा महिन्यांतून एकदा वाजणारी बाजाची पेटी आहे, पण ते मी बोललो नाही.

मावशी परत निघाली तेव्हा तिच्या बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलं. काय काढायचं म्हणून उघडली, तर साड्यांच्या घडीत ओलावा मोजायचं यंत्र. विचारलं, तर जराही न लाजता म्हणाली, "तुझं लाकूड टणटण वाजतं, ते कानाला कळतं. माझ्या कुरडया वाळल्या की नाही हे धाकटीला दर उन्हाळ्यात सांगून थकले मी. आता टोचून दाखवीन." स्वेटर काढून ठेवले, यंत्र गेलं. चैत्रात फोन आला. कुरडया अठरावर आल्यात, चालतील का, म्हणून.