पाच वॅटचे हॅमभाऊ

हॅमभाऊ शहाद्याच्या स्टँडवर तोरणमाळच्या गाडीची वाट बघत उभे असले, की कोणीतरी हटकून विचारतंच, "काय भाऊ, मासे धरायला?" कारण हातात गळाची घडीची काठी असते. तोरणमाळला यशवंत तलाव आहे, त्यामुळे प्रश्नही रास्त असतो. हॅमभाऊ गंभीरपणे म्हणतात, "मासे नाही. इटली."

हॅमभाऊ ही हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम लोकांची, एक पोटजात आहे. साधा हॅम केंद्र सरकारची परीक्षा देतो, परवाना घेतो आणि घराच्या गच्चीवर अँटेना लावून जगाशी बोलतो. आमच्या हॅमभाऊंना गच्ची पुरत नाही. त्यांना डोंगराचा माथा लागतो. याला कारण आहे. गावात इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि मोटारी यांची खरखर सेटमध्ये शिरते. माथ्यावर ती नसते, चहूबाजू मोकळ्या असतात, आणि पाच वॅटचा सेटसुद्धा समुद्रापार जातो. जुना झिरोचा दिवा याहून जास्त वीज खायचा, हे ते दर भेटीत सांगतात.

डोंगरावरून बोलण्याच्या या हौसेला 2002 साली ब्रिटनमध्ये रीतसर नियमही मिळाले: 'समिट्स ऑन द एअर'. सामान स्वतः उचलून न्यायचं, शेवटचा टप्पा वाहनाने गाठायचा नाही, गुण हवे असतील तर निदान चार जणांशी संपर्क साधायचा. तपासायला पंच नाही, सगळा कारभार सचोटीवर. म्हणूनच हॅमभाऊ सात पायरी घाटात मध्येच "थांबवा, थांबवा" करून उतरतात. गाडी त्याच माथ्याकडे निघालेली असते. कंडक्टर तिकिटाकडे बघतो, मग यांच्याकडे. "भाऊ, तिकीट वरपर्यंतचं आहे." "तिकीट आहे हो, पण नियमात बसत नाही." गाडी निघून जाते आणि हे दहा किलोची सॅक पाठीवर टाकून, कळण्याची भाकरी आणि नंदुरबारच्या लाल मिरचीचा ठेचा यांच्या भरवशावर चढू लागतात.

माथ्यावर मात्र हॅमभाऊ चपळ होतात. काठी उलगडून उभी, तिच्या टोकावरून तारेचे दोन हात दोन दिशांना खाली, दगडांना बांधलेले. चौदा मेगाहर्ट्झला दहा मीटर तार पुरते. मग मांडीवर वही, कानावर हेडफोन आणि तासभर एकच आरोळी: "सीक्यू, सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री..." कोणीही या, बोला, असा त्याचा अर्थ. अस्तंभ्याच्या डोंगरावर अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी इकडची श्रद्धा आहे. हॅमभाऊ त्याच सातपुड्यात सिग्नलचा रिपोर्ट मागत फिरतात.

वहीतली वेळ जागतिक, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यासाठी मनगटावर दुसरं घड्याळ असतं, आणि बोलण्याच्या भरात हॅमभाऊ तेवढंच बघतात. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच होतात तेव्हा त्यांच्या मनगटावर भर दुपार असते. परतीची गाडी निघून गेल्यावर कळतं, की बारा खरोखरच वाजलेत.

धडगावकडच्या डोंगरात मात्र त्यांना कोणी वेडं समजत नाही. तिथल्या कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. फोन लावायचा तर लोक टेकाडावर चढतात. त्यामुळे तार बांधत बसलेल्या हॅमभाऊंना पाहून पोरं सहानुभूतीने विचारतात, "भेटली का रेंज?"

"भेटली. इटली लागलं."

"काय म्हणाला?"

"माझा आवाज स्वच्छ येतो म्हणाला. फाइव्ह नाइन."

"मग तुम्ही?"

"त्याचाही येतो म्हटलं. फाइव्ह नाइन."

"अन् मग?"

"मग सेव्हन्टी थ्री. म्हणजे रामराम."

पोरं एकमेकांकडे बघतात. त्यातल्या एकाला दवाखान्यात असलेल्या बहिणीची खबर घ्यायची असते, दुसऱ्याला मिरचीचा भाव हवा असतो. "तिकडं मिरचीला काय भाव, ते तरी विचारायचं!" हॅमभाऊ दचकतात. हॅम रेडिओवर धंद्याचं बोलायला बंदी आहे!

"मग याचा उपयोग काय?" या प्रश्नाची ते वाटच बघत असतात. 2001 चा भूजचा भूकंप, 2004 च्या त्सुनामीतलं अंदमान: फोन बंद पडले तेव्हा हॅम लोकांनी निरोप पोचवले. हे सगळं खरं आहे, आणि सांगताना हॅमभाऊंची छाती दोन इंच फुगते. अडचण एवढीच, की नंदुरबार जिल्ह्यावर अशी वेळ येऊ नये असं ते म्हणतात खरे, पण बॅटऱ्या मात्र कायम भरलेल्या ठेवतात.

मध्यंतरी त्या टेकाडावर मोबाइलचा टॉवर येणार, अशी बोलवा उठली. पाडा खूश झाला. हॅमभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी माथ्यावर एक फेरी मारली, टॉवरचा पाया कुठे येईल, वारा कुठून घुसतो, पावसाळ्यात दरड कुठे सुटते, सगळं नीट पाहून घेतलं. खाली उतरले तेव्हा मूड परत आला होता.

"येऊ दे टॉवर," ते पोरांना म्हणाले, "कधीतरी बंद पडेलच की!"