महालक्ष्मीचा ल

ई-रीडरवर मी किती पुस्तकं वाचली ते विचारू नका, फॉन्ट किती बसवले ते विचारा. मुक्ता, बालू, टिरो, नोटो, सगळे माझ्याकडे नांदून गेले. मेनूतून अक्षर लहानमोठं करणं हे सामान्य वाचकाचं काम. आम्ही ‘कोरीडर’ हा वाचनाचा प्रोग्राम टाकतो, केबल जोडतो आणि ‘सेटिंग्ज डॉट रीडर डॉट लुआ’ या फायलीत थेट हात घालतो. तोही प्रोग्राम बंद करून, कारण चालू असला तर बंद होताना तो आपल्या जुन्याच सेटिंग्ज परत लिहून मोकळा होतो. हे ज्ञान चारोटी नाक्यावर चहा पिणाऱ्यांना मी न विचारता देतो.

फॉन्टच्या परीक्षेचा शब्द ठरलेला: महालक्ष्मी. विवळवेढ्याची देवी जवळच, तेव्हा नापास कोण करणार? पण कच्च्या यंत्रात ‘क्ष्मी’ची हाडं सुटी होतात. ती जुळली, तरी खरा पेपर ‘ल’चा. आपला ल पाकळीचा, हिंदीचा दांड्याचा. राज्य सरकारनं २००९ साली शासन निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. नोटोसारख्या फॉन्टच्या पोटात दोन्ही ल असतात. पण पुस्तकाच्या फायलीत ‘भाषा मराठी’ अशी नोंद नसेल, तर यंत्र बिनदिक्कत दांड्याचा ल वाढतं. मुखपृष्ठावर मराठी बाणा आणि भाषेच्या रकान्यात ‘इंग्रजी’! इथे माझं डोकं फिरतं. शेवटी ‘टेक्स्ट लँग डिफॉल्ट’समोर ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलं आणि महालक्ष्मी पाकळीसकट प्रकटली.

आईला दाखवली. तिची नोकरी डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांत गेली.

“छान आहे रे,” ती म्हणाली. “आमच्याकडे घरी वारली बोलणारी पोरं यायची. त्यांना अख्खं पुस्तकच दुसऱ्याच्या भाषेत. तरी वाचायची. तू कधी वाचणार?”

यावर फाईल उघडून उत्तर देता येईना. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वारलीलाही कोड आहे, ‘व्हीएव्ही’. मराठीच्या ‘एमआर’पेक्षा एक अक्षर जास्तच. पण तो लावावा असं एकही पुस्तक माझ्या रीडरमध्ये नाही. मी पाकळीसाठी भांडतोय, आणि त्या पोरांच्या वाट्याला फूलच आलेलं नाही.

हे मनाला लागलं, म्हणून तर लेख लिहिला. संपादकांना पाठवताना सोबत एवढीच चिठ्ठी जोडली: मजकूर हवा तसा कापा, ‘ल’ मात्र पाकळीचाच छापा.