लष्करातलं धरण

पुण्यात सदाशिव पेठेतून लष्कर भागात जाणं हा आमच्या घराण्यात परदेशप्रवास समजला जातो. आदल्या रात्री दशम्या होतात, शेजाऱ्यांकडे किल्ली दिली जाते. त्यात एम्प्रेस गार्डन म्हणजे लष्कराच्याही पलीकडे, रेसकोर्सपाशी. नातवंडांना जरा मातीत खेळू द्यावं, असा ठराव सूनबाईंनी मांडला. झाडाखाली सतरंजी पसरली की मला तत्काळ झोप लागते. निसर्गावरच्या या प्रेमापोटी मी अनुमोदन दिलं.

बाग 39 एकरांची. नाव सम्राज्ञी व्हिक्टोरियाचं. सांभाळते अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. हे नाव रिक्षावाल्याला सांगेपर्यंत बाग आली. झाडं जुनी आणि प्रचंड, जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. झालं स्थलदर्शन. मी आडवा झालो.

माळीबुवांनी झाडांना पाणी द्यायला पाट सोडला होता. पाणी दिसताच आमची दोघं आणि आसपासच्या सतरंज्यांवरची सगळी पोरं तिकडे धावली. ओळखपाळख नाही, पण क्षणात धरणाचं काम सुरू. माती, काटक्या, वाळकी पानं. "आजोबा, धरणाला दार पाहिजे!" असं काहीतरी ऐकू आलं. मी झोपेत हुंकार भरला. प्रशासकीय मंजुरी इतक्या झटपट मिळाल्याचं राज्यात दुसरं उदाहरण नसेल. माझी कोरी कोल्हापुरी चप्पल धरणात उभी राहिली.

एवढ्यात पलीकडच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पुण्यात दहा माणसं जमली की त्यांत एक सल्लागार असतोच; इथे तर साक्षात तज्ज्ञ. "पानांनी पाणी अडतं का रे? चिकणमाती आणा! थरावर थर द्या, तुडवा!" पोरं तुडवू लागली. "आता सांडवा काढा. मातीच्या धरणावरून पाणी वाहिलं की धरण गेलंच!" बोलता बोलता ते 12 जुलै 1961 वर आले. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पुण्यात पाणी. त्या पुरात आमच्या घरी काय काय वाहून गेलं हे सांगायला मी एक डोळा उघडला, पण पोरांपुढे निराळाच प्रश्न होता. पाणी चढत होतं आणि बुडीत क्षेत्रात मुंग्यांचं वारूळ होतं.

"आधी धरण, पुनर्वसन नंतर," साहेब सवयीने म्हणाले.

माझी सहा वर्षांची नात उठली. पिंपळाचं पान घेऊन एकेक मुंगी त्यावर चढवून कोरड्या जागी सोडू लागली. बाकीची पोरंही काम टाकून तिला मदत करू लागली. साहेब गप्प झाले. मग चष्मा सावरत तेही वाकले.

धरणाकडे पाहायला कुणी उरलंच नाही. पाणी वरून नाही, चपलेखालून फुटलं. मी जागा झालो तो पाण्यात. दशम्या तरंगत होत्या, आमची ही "अहो, उठा!" म्हणत लोणच्याच्या बरणीमागे धावत होती आणि माझी चप्पल पाटाने पुढच्या झाडाकडे निघाली होती.

एक बाई सॅनिटायझरची बाटली घेऊन लेकाच्या मागे लागल्या. ते पाहून मी चिडलो. गारेगार मॉलमध्ये तासाचे पैसे मोजून प्लॅस्टिकच्या चेंडूंत पोर बुडवतो आपण, तिथे कुणाला जंतू दिसत नाहीत!

माळीबुवा फावडं घेऊन आले. आता पोरांची खैर नाही, असं वाटलं. ते म्हणाले, "खेळायचंय ना? मग दारं धरा." एका आळ्याचं दार मातीने बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. फावड्याला पोरांची रांग लागली. प्रत्येक आळं भरलं की नातू झाडाला विचारायचा, "पोट भरलं?"

चप्पल सापडली. कोल्हापुरी भिजली की तिचा पापड होतो, हे ज्ञान मला या प्रवासात मिळालं.

तेव्हा पालकहो, पोरांना घेऊन अवश्य जा. कपडे जुने घाला, चपला रबरी असू द्या आणि डबा उंचावर ठेवा. तज्ज्ञ घरून नेऊ नका, तिथे असतात.