विनामाईक

माझा आवाज भारदस्त आहे, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मी, आणि कार्यक्रमानंतरच्या चहाला थांबलेले दोघे-तिघे. या आवाजाच्या जोरावर मी आमच्या वाचनालयाचा तहहयात निवेदक झालो. व्याख्यानमाला असो, भावगीतं असोत की नेत्रतपासणी शिबिर, ‘रसिकहो’ म्हणायला मीच.

आता कोजागरीनंतरच्या चार शनिवारी आमच्या छोट्या सभागृहात लोकसंगीत आहे. गोंधळ, खंडोबाचं जागरण, पोवाडे आणि भारुडं. चारही कार्यक्रम विनामाईक, कारण वाद्यांचा मूळ आवाज लोकांच्या कानी पडावा हा हेतू. हेतू उदात्त असला की कुणाचा तरी बळी जातोच; इथं माझा गेला. तालीम म्हणून सौभाग्यवतींना शेवटच्या रांगेत बसवलं आणि ‘रसिकहो’ची साद घातली. ‘‘तोंड हलतंय, तेवढं दिसतंय,’’ त्या म्हणाल्या. म्हणजे माझा भारदस्तपणा इतकी वर्षं साउंडवाल्याच्या खोक्यात होता, आणि कार्यक्रम संपला की साउंडवाला तो टेम्पोत घालून घरी नेत होता!

कलावंतांना ही चिंता नाही. संबळ हे अंगणात वाजून अख्ख्या आळीला जागं ठेवणारं वाद्य. ‘ते शंभर खुर्च्यांच्या खोलीत मागपर्यंत पोचेल ना?’ असं आमच्या सचिवांनी विचारलं, तेव्हा गोंधळी नुसते हसले. शाहिरानं ओळ टाकली की झीलकरी ‘जी जी’ करत ती अशी उचलतात, की काळजी खिडक्यांच्या काचांची करावी. जीव लहान तो एका तुणतुण्याचा. त्याला पंखा सोसत नाही आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या ज्येष्ठ सभासदांना पंख्यावाचून राहवत नाही. शेवटी पुढचे पंखे बंद, मागचे चालू, अशी तोड निघाली. आता सगळ्यांना मागच्या रांगेत जागा हवी आहे.

पण खरी गंमत हलगीची. हलगीविषयी बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं, तेव्हा आधीच क्षमा मागतो. हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. मग थाप मारली की ‘कड्क’ऐवजी ‘धप्प’ असा, उशी झटकल्यासारखा आवाज येतो. म्हणून वाजवण्याआधी ती तापवायची. कागद पेटवायचा, हलगी जाळावर धरून फिरवत राहायची, मधूनच बोटानं टिचकी मारून कान द्यायचा. कमी तापली तर बोलत नाही, जास्त तापली तर फाटते. ती वेळ ओळखणं हीच अर्धी विद्या. मग डाव्या हाताची बारीक काडी आणि उजव्या हाताची जाड काठी पडायला लागली, की बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलतो. कातड्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, गोव्यात घुमट या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड मारण्यावर बंदी आली, शेळीचं कातडं आलं, आणि २०१९ साली तिथल्या सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आमच्या हलगीला अजून तापायला जिन्याखालची जागाही मिळेना. जाळ कुठं करायचा, यावर कार्यकारिणीची बैठक झाली. एकानं हेअर ड्रायर सुचवला, दुसऱ्यानं इंडक्शनची शेगडी. हलगीवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, ‘‘चार जुने पेपर द्या सायेब, बाकीचं मी बघतो.’’ वाचनालयात जुन्या पेपरांना काय तोटा? पण कोषाध्यक्षांनी रद्दीचा भाव काढला.

इथवर हसू येत होतं. मग निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा आला. प्रमुख पाहुणे, पदव्यांसकट. अध्यक्ष, फोटोसकट. चकल्या पुरस्कृत करणारं दुकान, फोन नंबरासकट. निवेदक म्हणून अस्मादिक, ठळक टायपात. शाहिराचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘व साथीदार’. पोरवयापासून हलगी वाजवून ज्याच्या तळहाताला घट्टे पडले, तो माणूस ‘व साथीदार’. लोककला जगली पाहिजे, असं भाषणात सांगणारे पाहुणे येणार गाडीनं. ती जगवणारा येणार एसटीनं, आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून आभारप्रदर्शन चालू असतानाच पाकिटाची वाट बघत दाराशी उभा राहणार. ‘पाकिटात किती?’ हा प्रश्न बैठकीत निघाला की सगळ्यांना एकदम ‘सेवाभाव’ आठवतो. तो भाव मंडपवाल्याला कुणी सांगत नाही.

मी हलगीवाल्याला पुन्हा फोन केला. पूर्ण नाव विचारलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘का हो सायेब? आधारचा कागद दिला होता की मागल्या बारीला.’’ नाव विचारतात ते व्हाउचरपुरतं, हाच त्याचा अनुभव. छापायला हवंय म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या आधी झीलकऱ्यांची नावं सांगितली.

ती घेऊन मी बैठकीत गेलो. सचिव म्हणाले, जागा नाही. चकल्या हलेनात, पदव्याही हलेनात. तेव्हा मी बाणेदारपणे म्हणालो, ‘‘हवं तर निवेदकाचं नाव काढा.’’ निदान एकजण तरी ‘छे छे, असं कसं?’ म्हणेल, अशी माझी रास्त अपेक्षा होती.

पण माझं हे एक वाक्य मात्र माईक नसताना अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.