कमांडवाले अण्णा

नारायणगावात डिस्क बिघडली की माणूस आधी भाच्याकडे जातो, कारण भाच्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. मग तो अण्णांकडे येतो. अण्णांचा पहिला प्रश्न डिस्कबद्दल नसतोच. "'फॉरमॅट करू का' असं विचारलं, तेव्हा 'हो' कुणी म्हटलं?" माणूस खाली बघतो. भाचा बाहेर गाडीवरच बसलेला असतो.

अण्णा जातीचे कमांडवाले. माउसला हात लावत नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि कपाळावर सरकवलेला चष्मा. कमांड टाइप केली की ते दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि सातबारा वाचावा तशी ती मोठ्यानं वाचून काढतात. डिस्कचं नाव, पार्टिशनचा नंबर, पुन्हा डिस्कचं नाव. एसडीए आणि एसडीबी यांच्यात एका अक्षराचा फरक. एकावर अण्णांची स्वतःची सिस्टीम, दुसऱ्यावर मंचरच्या आडत्याच्या सगळ्या पट्ट्या. एफएससीके जुनी फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करतं आणि एमकेएफएस त्याच जागी कोरी करकरीत नवी घालतं. "एंटर दाबल्यावर मग देवाला हाक मारायची, पण त्याच्याकडं रूटचा पासवर्ड नसतो," असं ते म्हणतात.

गिऱ्हाइकाला घाई असते. अण्णांना ती कधीच नसते. आधी बिघडलेल्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, मग त्या नकलेवर नुसती पाहणी. एफएससीकेला 'एन' लावला की ते बघतं, हात लावत नाही. 'वाय' लावला तर प्रत्येक प्रश्नाला आपलं आपणच 'हो' म्हणत सुटतं. अण्णांना हा 'वाय' अजिबात खपत नाही. "न विचारता 'हो' म्हणणारी माणसं यात्रा कमिटीत ठीक. डिस्कवर नकोत."

आणि दुरुस्तीआधी डिस्क उतरवायची. म्हणजे अनमाउंट करायची. चालू डिस्कवर एफएससीके चालवलं तर उरलंसुरलंही जातं, हे ते दारातून आत येणाऱ्या पोस्टमनलाही सांगतात. कधी कधी डिस्क उतरत नाही. मशीन सांगतं, कुणीतरी वापरतंय. मग अण्णा चिडतात, दुकानातल्या पोरावर ओरडतात, शोध सुरू होतो. बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे अण्णाच निघतात, दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरात ठाण मांडून बसलेले.

त्यांचा खरा जीव फाइलसिस्टीमच्या ईएक्सटी घराण्यावर. १९९३ साली रेमी कार्डनं ईएक्सटी टू आणली आणि थिओडोर त्सोनं तिची दुरुस्तीची हत्यारं वर्षानुवर्षं सांभाळली, हे अण्णा असं सांगतात की त्सो हे घोडेगावकडचं कुणी पाव्हणं असावं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमचा विषय निघाला की मात्र त्यांना हसू आवरत नाही. तिच्या नावाचं जे एफएससीके आहे ते काहीच करत नाही आणि 'झालं' म्हणून परत येतं. मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय! खरी दुरुस्ती एक्सएफएस-रिपेअर नावाच्या वेगळ्या कमांडकडं. "हे टेबल नाही, पलीकडं जा," अण्णा म्हणतात, आणि तहसीलच्या दिशेनं हात करतात.

ईएक्सटी फोरमध्ये एक खोड आहे. नेमून दिलं नाही तर ती ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या कारभाऱ्यासाठी, राखून ठेवते. एक फोटोग्राफर ४ टीबीची नवी डिस्क घेऊन भांडायला आला होता.

"अण्णा, २०० जीबी कुणी खाल्ले?"

"खाल्ले नाहीत रे, राखलेत."

"कुणासाठी?"

"अडीनडीला."

ट्यून-टू-एफएसनं हा राखीव वाटा १ टक्क्यावर आणता येतो, मिनिटाचं काम. अण्णांनी ते केलं, पण वडिलोपार्जित जमीन विकल्याच्या चेहऱ्यानं. घरी हाच नियम त्यांनी साखरेच्या डब्याला लावलाय. काकू तळाची साखर काढू लागल्या की अण्णा "रूटची आहे" म्हणतात. काकूंनी एकदा विचारलं, या घरात रूट कोण? तेव्हापासून साखर काकूच काढतात.

सुपरब्लॉक गेला म्हणजे फाइलसिस्टीमचा मुख्य उताराच गेला, पण त्याच्या नकला डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली नक्कल ३२७६८ व्या ब्लॉकवर. हा आकडा अण्णा झोपेतही सांगतील. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र पाकिटातल्या चिठ्ठीवर बघून सांगतात.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ते खोडदला जातात. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी उभं केलेलं काम. लोक मान वर करून बघत राहतात. अण्णा तिथल्या माणसाला गाठून एवढंच विचारतात, "हे आकाशातलं सगळं शेवटी ठेवता कशात?" दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवायला लावतात, हे तर त्यांना फारच आवडतं. सबंध तालुक्यात एवढी एकच जागा आहे जिथं भाचा त्यांना फोन करू शकत नाही.

बाकी वर्षभर फोन चालूच असतो. आंबेगावातल्या एकाचं वासरू बिबट्यानं नेलं, वन खात्याला दाखवायचंय आणि कॅमेऱ्याची डिस्क म्हणतेय मी कोरी आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला राहुट्या पडल्या, तमाशाच्या सुपाऱ्या सुटायला लागल्या की फडवाले येतात. मग लग्नसराई.

मागच्या लग्नसराईतच तो फोटोग्राफर पुन्हा आला, रडकुंडीला. "अण्णा, लग्न गेलं!"

"नवरी आहे ना? मग बस."

अण्णांनी त्यात दोन रात्री घालवल्या. सगळं सापडलं, पण लॉस्ट अँड फाउंडमध्ये. तिथं फाइलींची नावं राहत नाहीत, नुसते आयनोडचे नंबर. त्याच डिस्कवर एका फडाचं शूटिंगही होतं. अक्षता कुठल्या आणि गौळण कुठली, हे एकेक फाइल उघडून ठरवायचं. शेवटी नवरीच्या वडिलांनाच ओळख पटवायला बोलावलं. दिवसभर ते अण्णांच्या शेजारी बसून होते. बायकोचा तीनदा फोन आला, तिन्ही वेळा त्यांनी काम अजून बाकी आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी पैसे देताना ते हळूच म्हणाले, "अण्णा, दोन्हीच्या कॉप्या द्या. लग्नाची सावकाश दिली तरी चालेल."